पाटावरचं कुंकू आणि तुझा अंगठा

हंसा, तुला न्यायच्या आधी तुझ्या पायाचे अंगठे बांधायला घेतले, आणि ते जुळेचनात.

तुमच्या शेजारची जमनाकाकू दोरा घेऊन बसली होती. डावा अंगठा तिने सहज धरला, उजवा ओढला, तो येईचना. पुन्हा ओढला. "ह्यो वलत नाय गो," ती म्हणाली, "कवापासून असा हाय?" आणि तिने वर पाहिलं ते थेट माझ्याकडे. तुझ्या आईकडे नाही, भावजयीकडे नाही, माझ्याकडे. तिचंही बरोबरच होतं. इतकी वर्षं रोज तुझ्या पायांशेजारी पाय टाकून बसणारी मी. बोईसर स्टेशनपासून दांडीच्या किनाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक, की हंसा पायाने कॉम्प्युटर चालवते आणि ताई तिच्या शेजारी असते. मी वाकून बघितलं. अंगठ्याच्या मुळाशी बोराएवढी गाठ, अंगठा शेजारच्या बोटावर कलंडलेला आणि लाकडासारखा कडक. शेवटी काकूने जुळवायचा नाद सोडला, मधे अंतर ठेवूनच दोरा गुंडाळला आणि गाठ मारली.

तेव्हापासून माझ्या डोक्याचा नुसता भुगा झालाय.

कारण तू मला वेगळंच सांगितलं होतंस. पाटावर मी कुंकू वाहिलं, त्याची पूजा झाली, म्हणून आता त्यावर पाय ठेवायचा नाही, असं तू म्हणालीस आणि दसऱ्यानंतर हळूहळू काम सोडलंस. मी ते खरं धरून चालले. सगळी थंडी मी तुझ्याशी त्यावरून भांडले. तुला अडाणी म्हटलं, भित्री म्हटलं, देवभोळी म्हटलं. आणि आता हा अंगठा. म्हणजे तू कुंकवामुळे सोडलंस, की पाय दुखत होता म्हणून? मला एवढंच कळायला हवंय. कळून काय करणार, असं ह्यांनी विचारलं. मला माहीत नाही काय करणार. पण भात खाली उतरत नाही आणि दुकानाचं शटर उघडलं की आधी टेबलाखाली बघते.

लोक म्हणतात गेलेल्या माणसाशी भांडू नये. आपलं कधी भांडल्याशिवाय भागलंय का?

पहिल्या दिवशीसुद्धा भांडणच झालं होतं, आठवतं? कंपनीच्या ऑफिसात मी जुनी टायपिस्ट, तू नवी आलेली. दांडीहून एसटीने यायचीस, वेणीत अबोलीचा गजरा, आणि टाइपरायटरवर बोटं अशी पडायची की मॅनेजर केबिनमधून डोकं बाहेर काढायचा. मी म्हटलं, "अगं, जरा दमानं. रिबन फाटेल." तर तू म्हणालीस, "तुमी दमानं करा की, मी कुठे तुमाला घाई करते?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नवीन पोरगी आणि ही जीभ! दुपारी तूच डब्यातली सुकटीची चटणी माझ्या झाकणात काढून दिलीस आणि मी ती मुकाट्याने खाल्ली. संपलं भांडण. दुसऱ्या दिवशी नवीन.

मग तुझी बोटं सुजायला लागली. सकाळी मुठी मिटत नाहीत म्हणायचीस. आम्ही सगळ्यांनी मिठाचं पाणी सांगितलं, एरंडेल सांगितलं, पालघरच्या डॉक्टरने संधिवात सांगितला. बघता बघता तुझी बोटं वळली ती वळलीच, कोपरंही आखडली. तू नोकरी सोडलीस. पुढे कंपनीने आमच्यासारख्या टायपिस्टच कमी केल्या, आणि मी मिळालेल्या पैशांत स्टेशनजवळ गाळा घेऊन एक कॉम्प्युटर मांडला. झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका. ह्यांनी हात टेकले होते माझ्यापुढे. "त्या डब्याचं तुला काय कळतं?" म्हणाले. काही कळत नव्हतं, खरंच.

तुला बघायला दांडीला आले तो दिवस मला लख्ख आठवतो. ओट्यावर बसली होतीस. तुझे बाबा फाटलं जाळं सांधत होते आणि तू त्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरलं होतंस. ते "ढिलं" म्हणाले की तू अंगठा सैल करायचीस, "ताण" म्हणाले की ओढायचीस. बघत नव्हतीस सुद्धा, माझ्याशी बोलत होतीस. "हाताचं ते करतात, पायाचं मी," म्हणालीस, जशी काही जगातली सगळी कामं अशीच वाटलेली असतात. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी तुला दटावलं, "इथं काय बसलीस जाळी धरून? उद्यापासून दुकानात ये. गिऱ्हाइकांशी तरी बोल. मला ते जमत नाही, मी खेकसते."

"ते तर मला म्हाईत हाय," तू म्हणालीस.

पायाने कॉम्प्युटर चालवायची अक्कल ना तुझी ना माझी. लोकांना मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे की माझ्या डोक्यातून निघाली, आणि तू मागे तोंड फिरवून हसायचीस. खरं म्हणजे माऊस टेबलावरून पडला. वायरीसकट खाली लोळत राहिला, पोट वर करून. मी पानाचा मजकूर टाइप करण्यात गुंग, तुला हाताने उचलता येईना, म्हणून तू चप्पल काढून पायाने उचलायला गेलीस. अंगठा त्याच्या पोटातल्या गोळीवर पडला आणि पडद्यावरचा बाण तुरुतुरु धावला. मी किंचाळले, "कोण हलवतंय?" तू म्हणालीस, "मी नाय, माझा पाय."

नंतर त्या टीव्हीवाल्या भैयाने आपल्याला केवढं दमवलं! माऊस उलटा करून बसवायला लाकडी फळी हवी म्हणाला, तर मी घरून पाट आणला, पितळी फुल्यांचा, माझ्या लग्नातला. त्याने मधे भोक पाडून माऊस उताणा बसवला, म्हणजे नुसती गोळी वर. डाव्या बाजूला दाराच्या बेलचं बटण जोडलं, डाव्या पायाने दाबायला. पहिल्या दिवशी बटण दाबलं की कॉम्प्युटरच बंद पडायचा. "मॅडम, थोडा टाइम दो, सेट हो जाएगा," तो म्हणायचा आणि चहा प्यायचा. सेट झालं तर बाण उलटा पळायला लागला. अंगठा इकडे तर बाण तिकडे. मी भैयावर खेकसले. तू मला गप्प केलंस. म्हणालीस, "असू दे ताई. होडीच्या सुकाणूचं असंच असतं. दांडा इकडं लोटला की होडी तिकडं वळते." आणि चहा निवायच्या आत बाण तुझं ऐकायला लागला होता. मी एकदा बसून बघितलं, तर माझ्या पायाखाली तो पिसाळल्यासारखा कोपऱ्याकोपऱ्यातून पळाला. तू हसून हसून डोळे पुसलेस, दंडाला.

तिथून आपली खरी मजा सुरू झाली. मी टाइप करायचे आणि तू मांडायचीस. उजव्या अंगठ्याने बाण न्यायचा, डाव्या पायाने बटण दाबून धरायचं, की ओळ, चौकट, वेलबुट्टी, जे म्हणशील ते उचलून हवं तिथे. तुझी नजर अशी, की नवरदेवाचं नाव नवरीच्या नावापेक्षा केसभर वर गेलेलं तुला खपायचं नाही. "ताई, हा बघा, आत्तापासूनच डोक्यावर बसला." मी म्हणायचे, कोण बघतंय? तू म्हणायचीस, मी बघतेय ना. स्वागतोत्सुकांची नावं एका रांगेत की दोन, ह्यावरून आपण एकदा चार तास बोललो नव्हतो. लाईट गेली तेव्हा तूच तोंड उघडलंस. "वीज शेजारच्या अणुभट्टीत बनते आणि आमी अंधारात," म्हणालीस, आणि मला हसू फुटलं. तुझ्या मांडणीच्या पत्रिका केळव्यापर्यंत गेल्या, मुरब्यापर्यंत गेल्या. लोक पत्रिका छापायला यायचे तसे तुझे पाय बघायलाही यायचे, आणि त्यांनी वाकून बघितलं की तू मुद्दाम अंगठा नाचवायचीस. किती मिजास होती गं तुला त्या अंगठ्याची! आणि मला तुझी.

मग ते शिरगावचे काका आले. मी त्यांना नावं ठेवत नाही आता. साधा माणूस, मुलीचं लग्न, हातात छत्री. आपण त्यांच्यासमोरच पत्रिका मांडत होतो. तू डाव्या पायाने बटण दाबलंस, उजव्या अंगठ्याने गणपती उचललास आणि पत्रिकेच्या डोक्यावर नेऊन ठेवलास. छान बसला होता, अगदी मधोमध. काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं, आणि खुर्चीतून उठलेच.

"गणपती... पायानं ठेवला?"

"मग कशानं ठेवायचा?" मी म्हटलं.

"तसं माझं काय नाय हो बाई. पन घरात म्हातारी हाय. पहिलंच कार्य हाय."

त्यांनी कागद घेतला, छत्री घेतली आणि निघाले. मी मागोमाग रिक्षा स्टँडपर्यंत भांडत गेले. म्हटलं, तो गणपती म्हणजे नुसते ठिपके आहेत हो, त्याला कुठे पाय लागला? पाय लागला तो माझ्या पाटाला! आणि गणपती तरी कशावर बसतो, उंदरावरच ना? रिक्षावाले हसायला लागले. काका बिचारे नुसते "राहू द्या, राहू द्या" म्हणत रिक्षात बसले. मी परत आले तर तू पाय पोटाशी घेऊन, खुर्चीवर मुटकुळं करून बसली होतीस. म्हटलं, "गेला तर गेला." तू काही बोलली नाहीस. पहिल्यांदाच तू भांडणात काही बोलली नाहीस, म्हणून मी घाबरले.

दुसऱ्या दिवसापासून तुझा नियम सुरू झाला. सगळं पायाने, गणपती तेवढा हाताने. साधा माऊस टेबलावर ठेवायला लावायचीस, त्यावर मनगट टेकायचीस आणि कोपराने ढकलत ढकलत गणपतीला वर न्यायचीस. घाम यायचा तुला. ओठ दाताखाली धरायचीस. मी म्हणायचे, मी ठेवते ना, मला धडधाकट हात दिलेत देवाने. तर म्हणायचीस, "पत्रिका कोनाची? मी मांडली ना? मग मीच ठेवनार." अगं, पण तू कुठली गं एवढी देवाची! गणपतीत आरतीला उभं राहायचा कंटाळा करणारी, उपवासाच्या दिवशी माझ्यासमोर बोंबील खाणारी तू. मी विचारलं, "तुला तरी पटतं का हे?" तू म्हणालीस, "पटत नाय. पन पायानं ठेववत पन नाय." मला ते तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. तुझं हे असंच असायचं, दोन तोंडांनी एकदम बोलायचीस आणि दोन्हीकडून खरं वाटायचं.

माझं डोकं फिरलं होतं. पायाला लोक हलकं समजतात काय, थांबा, दाखवते, असं झालं होतं मला. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा केली, कॉम्प्युटरला हळदकुंकू, प्रिंटरला, झेरॉक्सला, कात्रीला. आणि मग टेबलाखाली वाकून तुझा पाट बाहेर काढला, पुसला, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, गोळीच्या शेजारी अक्षता टाकल्या, झेंडूची माळ घातली आणि उदबत्ती ओवाळली. शेजारचा मेडिकलवाला बघायला आला, त्यालाही म्हटलं, कर नमस्कार. त्याने केला. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. वाटलं, झालं, आता कोणाची टाप नाही तुझ्या पायाला नाव ठेवायची.

दसऱ्यानंतर तू आलीस. चप्पल काढलीस, खुर्चीत बसलीस, पाय उचललास, आणि खाली बघून तो तसाच वर धरून ठेवलास.

"हे कोनी केलं?"

"मी केलं. का?"

"आता ह्याच्यावर पाय ठेवू?"

माझ्या ध्यानात एका क्षणात आलं आणि मी म्हटलं, कपाळ माझं! पण माघार कशी घ्यायची? मी सुरूच केलं. म्हटलं, सुतार करवतीची पूजा करतो आणि दुसऱ्या दिवशी कापायला घेतो ना? तुम्ही नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करता, आणि मग दोन पाय देऊन तिच्यात उभे राहता की नाही? मला वाटलं होतं, इथे तरी तुझं तोंड बंद होईल. तू शांतपणे म्हणालीस, "होडीत पाय टाकायच्या अगोदर बाबा तिला हात लावतात आनि कपाळाला लावतात. माझा हात खाली जात नाय, ताई." मी म्हटलं, मग तुझ्या वतीने मी करते नमस्कार. वाकले, केला. तू म्हणालीस, "तुमी केलेला नमस्कार माझा कसा?" शेवटी मी ओल्या फडक्याने कुंकू पुसलं. पितळी फुल्यांच्या खाचांत ते बसलं होतं, निघता निघेना. मग गणपतीची करतात तशी उत्तरपूजा केली, अक्षता टाकल्या, पाट जागचा हलवला आणि म्हटलं, गेला देव. तू विचारलंस, "गेला हे तुमाला कसं कळलं?"

तरी तू बसलीस. दिवाळीपर्यंत काम केलंस. फक्त अंगठ्याऐवजी टाचेने गोळी फिरवायला लागलीस. टाचेने कुठे नीट जमतं? बाण थरथरायचा, ओळ तिरकी बसायची, नवरदेव पुन्हा डोक्यावर बसायला लागला. मी चिडायचे. म्हणायचे, "देवाला टाच लावलेली चालते आणि अंगठा चालत नाही, होय गं?" तू म्हणायचीस, "टाचेखाली कुंकू नाय, अंगठ्याखाली हाय." मी पुन्हा फडकं घेऊन पाट घासायला बसायचे. हंसा, खरं सांग, मी खाली बसून कुंकू घासत होते तेव्हा तुझा पाय माझ्या नाकासमोर होता. दुखत होता का तेव्हा? मी पाटाकडे बघत होते गं, पायाकडे नाही.

तुळशीच्या लग्नानंतर, ऐन पत्रिकांच्या दिवसांत, तू यायची बंद झालीस. मी दांडीला यायचे ते दारातूनच भांडत यायचे. ओट्यावर बसलेली असायचीस, पायांवर गोधडी. दुपारच्या उन्हात गोधडी कशाला, असं मी एकदा विचारलं आणि तू म्हणालीस, "समुद्राचा वारा हाय, तुमाला बोईसरवाल्यांना नाय कळनार." तेही मला पटलं. मग मी सुरू. विज्ञानाचं युग आलं, बाई, आणि तू कुंकवाला घाबरतेस. तू तिखट उत्तर द्यायचीस, मी त्याहून तिखट. तुझी आई आतून चहा आणायची आणि आपण भांडत भांडत प्यायचो. शेवटच्या वेळी निघताना मी म्हटलं होतं, "पुढच्या वेळी आले की पाय धरून ओढत नेईन." तू खदखदून हसलीस. मग तापाचं निमित्त झालं आणि पुढची वेळ आलीच नाही. आले ती जमनाकाकूच्या हातात दोरा बघायला.

काल तुझ्या दहाव्याला आले होते. सगळं आटोपलं, माणसं पांगली. तुझी आई मागच्या अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटे करत होती. सुतकात कशाला काम, असं कोणी तरी म्हणालं, तर म्हणाली, बोंबलांना कुठे सुतक हाय. मी तिच्याबरोबर उलटे करायला लागले. मला राहवेना. विचारलं, "आई, तिचा अंगठा दुखत होता?"

"दुखत होता. गौरी-गनपतीपासून दुखत होता."

म्हणजे दसऱ्याच्या आधीपासून! मी कुंकू लावायच्या आधीपासून! माझ्या जिवात जीव आल्यासारखं झालं, आणि लगेच इतका राग आला की हातातला बोंबील तुटला. म्हटलं, "मग मला ती कुंकवाचं का सांगत बसली?"

"कुंकवाचं पन खरं होतं," आई म्हणाली. "भ्यायची ती. घरी येऊन बोलली, ताईंनी माझ्या पायाखालच्या पाटाला ववाळलं गो. रडली पन."

"अहो, पण दोन्हीतलं खरं काय? सोडलं कशामुळे?"

"मला काय म्हाईत बाय? दुखायचा तवा दुखायचा, भ्यायची तवा भ्यायची." तिने बोंबलांची ओळ सरळ केली. मग म्हणाली, "मी तिला बोलले होते, ताईंना सांग, त्या डाक्तरला दाखवतील. तर शपथ घातली मला. बोलली, सांगू नको. हात गेले तवापासून सगळी माझ्याशी हलू बोलतात, भाऊ हलू बोलतो, वैनी हलू बोलते, गिऱ्हाईक हलू बोलतं. ताई एकटी भांडते. पाय पन गेला कळलं तर ती पन हलू बोलायला लागेल."

मी तिथेच खाली बसले, हंसा. सगळं आयुष्य मला लोकांनी सांगितलं, जरा हळू बोल. आईने सांगितलं, सासूने सांगितलं, हे अजून सांगतात. आणि तू माझं खेकसणं जपून ठेवलं होतंस. त्यासाठी दुखता पाय गोधडीखाली दडवून बसलीस. ह्यावर मी हसायचं की रडायचं, तेवढं तरी सांगून जायचं होतंस. काल एसटीत अख्खा रस्ता मी दोन्ही केलं. कंडक्टर तिकीट न मागता पुढे गेला आणि मग परत येऊन हळूच मागितलं. हळूच! मला तेव्हा कळलं तुला काय नको होतं.

आणि तरी मला तुझं पटत नाही. ऐकून घे आता, मधे बोलू नकोस. तुझ्यासारखी लबाड बाई मी बोईसरपासून दांडीपर्यंत पाहिली नाही. तुला कोणी सांगितलं की मी हळू बोलले असते? मला हळू बोलता येतं का? पाय गेला असता तर मी त्या भैयाला पुन्हा पकडला असता, कोपराला काही लावलं असतं, हनुवटीला लावलं असतं. तू नाही म्हटलं असतंस, मी हो म्हटलं असतं. आणि काहीच जमलं नसतं, तर टेबलाशेजारी खुर्ची टाकून नुसती बसवून ठेवली असती तुला. मी एकटी मांडली असती पत्रिका, वेडीवाकडी, आणि तू म्हणाली असतीस, ताई, नवरदेव पुन्हा वर गेला. तेवढ्याचसाठी तर मी रोज शटर उघडत होते. एवढं कसं कळलं नाही गं तुला?